पुलाच्या अलीकडे

"काका, पडदा गेलाय ह्याचा," दुरुस्तीवाल्या बाई म्हणाल्या. "मशीन चालू आहे, पण दिसणार काहीच नाही."

"म्हणजे आवाज येतो तो खराच."

"कसला आवाज?"

"वाऱ्याचा. पुलावर वारा असतो ना, तो." काटेवाल्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. "गेले तीन रविवार नुसता वाराच ऐकतोय मी."

बाईंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला आणि गिऱ्हाइकाकडे नीट पाहिलं. पासष्टी उलटलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन अडकवावं तसा एक बारीक चिमटा अडकवलेला. त्यांच्या दुकानात येत ते फुटलेले फोन आणि चहा सांडलेले लॅपटॉप. असं फुगीर पाठीचं, पिवळं पडलेलं कॉम्प्युटरचं धूड त्यांनी शिकत असताना शेवटचं पाहिलं होतं. या माणसाने ते जुन्या चादरीत गुंडाळून, टॅक्सीत मांडीवर धरून आणलं होतं, मशीनचा डबा पायाशी ठेवून. पडद्याच्या खालच्या चौकटीवर कागदाचे नऊ तुकडे तीन ओळींत चिकटवलेले होते: बघ, घे, दे, उघड, लाव, बोल, ढकल, ओढ, वापर.

"आणि हे काय?"

"खेळात ते शब्द इंग्रजीत येतात, बरोबर त्याच जागी. बायकोने मराठी करून लावले. मला वाचायला वेळ लागायचा आणि तिला धीर नसायचा."

"बरं, आतलं काय काय जपायचंय? फोटो? कागदपत्रं?"

"एक खेळ आहे. तेवढाच." त्यांनी चौकटीवरच्या एका कागदाचा कोपरा दाबून बसवला. "आणि त्यात एक खण आहे. बाकी काही गेलं तरी चालेल, तो खण जायला नको."

काटेवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. दुकानांतले, दवाखान्यांतले, टपालातले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली, त्यात मूळचं नाव कुठेतरी मागे पडलं. खोटं बोलणारा काटा खोलायचा, पुसायचा, पितळी वजनं ठेवून ताळ्यावर आणायचा, सील ठोकायचं आणि निघायचं. या कामात बोलावं लागत नाही. तेही बोलत नसत. बायको सरकारी ऑफिसात लघुलेखक होती. साहेबाच्या तोंडून शब्द बाहेर पडायच्या आत तिच्या कागदावर उतरलेला असे, म्हणून ऑफिसात तिला सगळे स्पीडबाई म्हणत. बाहेर एवढी ख्याती असलेली ही बाई घरी मात्र सगळं सावकाश करायची. नवरा बोलत नसेल तर घाई तरी कुणासाठी करायची?

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. मूल नव्हतं. त्याबद्दल जे बोलायचं ते पहिल्या दहा वर्षांत बोलून झालं होतं. उरलेल्या वर्षांत "गॅस संपत आलाय" आणि "बरं" यांच्या पलीकडे फारसं काही होत नसे. रविवारी दुपारी ते झोपत आणि ती पेपरातलं शब्दकोडं सोडवत बसे.

अशात तिच्या ऑफिसात नवी मशीनं आली आणि जुनी कर्मचाऱ्यांना वाटून टाकली. तिने एक घरी आणलं. कुठल्यातरी कामचुकार कारकुनाने त्यात एक खेळ टाकून ठेवलेला होता. ना खोका, ना माहितीचं पुस्तक. तिने पहिल्या रविवारी सहज उघडला, आणि काटेवाले झोप मोडून तिच्या मागे येऊन उभे राहिले.

खेळात मारामारी नव्हती. हिरव्या टोपीचा एक पोरगेला माणूस होता, त्याला हे दोघं टोपीवाला म्हणत. त्याच्या राज्यातल्या राजाचा आवाज हरवला होता आणि तो शोधायला टोपीवाला निघाला होता. राजाला शिपाई सोडून हाच का सापडला, हे काटेवाल्यांनी पहिल्या दिवशीच विचारलं होतं. चित्रात कुठेही बाण नेऊन टिचकी मारायची: झाडाकडे बघ, दार उघड, माणसाशी बोल. सापडेल ते गोळा करायचं आणि कुठली वस्तू कुठे लागू पडते ते ताडायचं. उंदीर, म्हणजे माउस, काटेवाल्यांच्या हातात, कारण त्यांचा हात स्थिर. बोलायचं तिने. ती इंग्रजी वाक्यं वाचून अर्थ सांगे, अडलं तर शब्दकोश उघडे, आणि सगळं एका लांब वहीत लिहून ठेवी. नकाशेही तिनेच काढलेले. सव्वीस वर्षांत बोलले नसतील इतकं ते दोघं त्या पहिल्या महिन्यात बोलले.

अगदी सुरुवातीलाच एक झोपडी लागते. आत चुलीपाशी एक म्हातारी डोळे मिटून बसलेली, आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेला हातात धरायचा आरसा. काटेवाल्यांनी बाण आरशावर नेला.

"घेऊ?"

"नको. झोपलेल्या बाईच्या घरातून काही उचलायचं नाही."

"अगं, चित्र आहे ते."

"चित्रातली असली तरी झोपलीये ना? लाकूडतोड्याने दोरी दिली, ती घेतली. बादली वाटेवर पडली होती. हे वेगळं."

आरसा राहिला. त्याच दिवशी, खेळ जपून ठेवायची वेळ आली तेव्हा, पडद्यावर दहा रिकाम्या चौकटी आल्या. ती त्यांना खण म्हणाली. दर वेळी नव्या खणात ठेवू, असं तिचं मत पडलं.

"एकच ठेव," काटेवाले म्हणाले. "एका दुकानात दोन काटे असले की भांडण लागतं, खरं वजन कुठलं म्हणून."

"आमच्याकडे प्रत्येक कागदाची प्रत ठेवतात."

"म्हणून तर तुमच्याकडे एक कागद सापडत नाही."

ती हसली आणि तिने ऐकलं. आरशाचं त्यांनी तिचं ऐकलं होतं, खणाचं तिने त्यांचं ऐकलं. संसार असाच चालतो, कुणाचं ऐकलं ते महाग पडेल हे त्या वेळी कळत नाही. दर रविवारी पाच वाजता ती "पुरे आता" म्हणे, पहिल्याच खणात जुन्यावर नवं ठेवे, आणि नाव म्हणून रविवारचा आकडा टाइप करे.

एकतिसाव्या रविवारी ते पुलापाशी पोचले. पुलाच्या तोंडावर शेवाळलेला एक अवाढव्य राक्षस ठाण मांडून बसला होता. तो मारत नव्हता, ओरडत नव्हता. टिचकी मारली की एकच वाक्य म्हणे. तिने त्याचं केलेलं मराठी असं होतं: "मी कोण ते सांगा, मग पुढे जा."

त्याला चीज दिलं, कोंबडीचं पीस दिलं, दोरी दिली, बादली दिली. प्रत्येक वस्तू बघून तो मान हलवी आणि तेच म्हणे. बोलायची जेवढी वाक्यं खेळात होती तेवढी सगळी वापरून झाली. मागे जाऊन प्रत्येक झाड, प्रत्येक दगड पुन्हा टिचकावून झाला. झोपडीकडे मात्र जाता येत नव्हतं, मधली दरड ते आले तेव्हाच कोसळली होती. वारा वाहायचा, राक्षस बसलेला असायचा, आणि पाच वाजायचे.

हळूहळू ते वाक्य घरात शिरलं. काटेवाले कामावरून आले की ती दार अर्धवट उघडून मध्ये उभी राही. "मी कोण ते सांगा, मग आत या." ते दर वेळी नवीन काहीतरी सांगत. "चहात साखर कमी घालणारी." "माझा चष्मा लपवणारी." "ऑफिसात स्पीड, घरात बैलगाडी." मग ती बाजूला होई. ज्या माणसाला सव्वीस वर्षांत गंमत सुचली नव्हती तो जिना चढताना आजचं उत्तर जुळवत येई.

मशीन दुकानात ठेवलं त्याच्या चार दिवसांनी दुरुस्तीवाल्या बाईंचा फोन आला. काटेवाले पोचले तेव्हा टेबलावर एक रुंद, सपाट पडदा लावलेला होता. मध्यभागी पूल, दोन्हीकडे काळ्या पट्ट्या. वारा वाहत होता. टोपीवाला उभा होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा काटेवाल्यांना बरं वाटलं.

"खण आहे का बघा," बाई म्हणाल्या. "पाचशे तेरा असं नाव आहे, तोच ना?"

"तोच."

"बाकीचे नऊ रिकामे होते काका. ते गेले नाहीत, रिकामेच होते."

"माहिती आहे. एकच ठेवायचो आम्ही."

बाईंनी खणांची यादी पुन्हा एकदा पाहिली. मग, न राहवून, म्हणाल्या, "किती वर्षं अडकलात इथे?"

"दहा."

"मी खेळलेय असले खेळ. ह्यांत एक वाईट खोड असायची. सुरुवातीची एखादी वस्तू घ्यायची राहिली तर पुढे कुठेतरी वाट बंद होते, आणि खेळ सांगत नाही. तुम्हाला वाटतं आपल्याला सुचत नाहीये. पण सुचून उपयोगच नसतो, इथे कितीही बसा. म्हणून जुने खण ठेवायचे. काही राहिलंय का तुमचं मागे?"

"एक आरसा," काटेवाले म्हणाले.

"मग झालं तर. पहिल्यापासून सुरू करा. एका दुपारचं काम आहे."

बाईंनी चांगल्या मनानेच सांगितलं होतं. काटेवाल्यांनी मान डोलावली, जुना-नवा पडदा चादरीत गुंडाळला, मशीन उचललं, आणि टॅक्सीत बसल्यावर त्यांना जुनं एक भांडण आठवलं. त्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. एका काट्याचं सील त्यांच्याकडून चुकून वेडंवाकडं बसलं होतं, दुकानदार चारचौघांत वाटेल ते बोलला होता, आणि तो राग त्यांनी रविवारी पुलावर काढला होता. "तुझ्या त्या आरशामुळे बसलोय आपण इथे. मोठी साध्वी." ती वहीत काहीतरी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "असेल." बस, तेवढंच. तिचंच चुकलं होतं हे आज पक्कं कळलं, आणि कळून त्यांना मुळीच आनंद झाला नाही.

दुसरी आठवण त्यांना नको होती, पण ती सिग्नलला टॅक्सी थांबल्यावर आलीच. बायको रुग्णालयात होती त्याचा तिसरा दिवस. सकाळचे दहा. तपासणीचा फॉर्म हातात, एक्स-रेचा लखोटा काखेत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, असे ते वॉर्डच्या दारात पोचले. ती पहिल्याच खाटेवर होती. आवाज अगदी बसला होता, तरी म्हणाली, "मी कोण ते सांगा, मग आत या."

"थांब गं जरा," ते फॉर्मकडे बघत म्हणाले. "आधी हे भरू दे. वॉर्ड नंबर कुठे लिहायचा तेच कळत नाहीये."

फॉर्म भरून होईस्तोवर तिचा डोळा लागला होता. संध्याकाळी ती शुद्धीवर नव्हती, आणि दुसऱ्या दिवशी गेली. आठ महिने झाले. त्या फॉर्मवर वॉर्डचा नंबर त्यांनी अगदी बरोबर लिहिला होता, अजून पाठ होता. उत्तर मात्र तिला मिळालं नाही. हे ते कुणाला सांगूही शकत नव्हते, कारण ऐकणाऱ्याला आधी राक्षस समजावून सांगावा लागला असता. म्हणून ते दर रविवारी पुलापाशी जाऊन बसत. एकदा तरी त्या प्रश्नाचं उत्तर द्यावं, तिला नाही तर निदान त्या शेवाळलेल्या धोंड्याला, एवढंच त्यांना हवं होतं.

घरी आल्यावर त्यांनी सुरुवातीचा रस्ता बघायला तिची वही काढली. पहिल्या पानापासून वाचत गेले. नकाशे, शब्दांचे अर्थ, "आज बादली, नाही." "आज बादली पुन्हा, नाही. ह्यांचा हट्ट." शेवटच्या पानाला पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूने चारी कडांना गोंद लावलेला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. खिशातला चिमटा काढून त्यांनी सील सोडवावं तसा कागद सोडवला. आत पानभर लघुलिपी होती. बारीक रेघा, आकडे, ठिपके. त्यांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

लघुलिपी वाचणारी एकच व्यक्ती त्यांना ठाऊक होती. बायकोच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई, ज्यांनी तिला नोकरीच्या पहिल्या वर्षी हाताखाली घेऊन तयार केलं होतं. आता ऐंशीच्या घरात होत्या आणि मुलीकडे राहत होत्या. काटेवाले शनिवारी सकाळी गेले. मोठ्या बाईंनी वही खिडकीपाशी धरली, एक चष्मा काढून दुसरा लावला.

"काय हे अक्षर. स्वरांच्या खुणा द्यायच्याच नाहीत म्हणजे नाहीत. किती वेळा ओरडले असेन तिला."

"वाचता येईल?"

"माझ्या हाताखालची पोरगी आहे, येणार नाही? पण..." त्यांनी वरच्या दोन ओळींवरून नजर फिरवली आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "गोंदाने बंद केलेलं दिसतंय. तुम्हाला खरंच हवंय का?"

"वाचा बाई."

मोठ्या बाईंनी आधी तारीख वाचली. काटेवाल्यांनी बोटांवर हिशेब केला. नऊ वर्षं झाली होती. मग त्या अडखळत, मध्येच मागे जाऊन शब्द लावत वाचू लागल्या.

"आज खालच्या मजल्यावर तो जुना क्लार्क भेटला. खेळ त्यानेच टाकला होता म्हणे. त्याला पुलाचं विचारलं. म्हणाला, झोपडीतला आरसा राक्षसाला द्यायचा. आरसा घेतला नसेल तर पूल कधीच उघडत नाही. जुना खण असेल तर तिथून, नाहीतर पहिल्यापासून. दोन तासांत संपतो म्हणाला."

मोठ्या बाई थांबल्या. "ह्याचा अर्थ लागतोय का तुम्हाला? मला तर काही झेपत नाहीये."

"लागतोय. पुढे?"

"ह्यांना सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, माझ्या एका खणामुळे झालं, आणि आठवडाभर धड जेवणार नाहीत. शिवाय दोन तासांत संपला तर पुढच्या रविवारी काय? हे पुन्हा झोपतील. आज ह्यांनी पीस दिलं. मी म्हटलं, पुढच्या वेळी बादली देऊन बघू. तर हसले. हसताना ह्यांचा बाजूचा एक दात दिसतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला माहीतच नव्हता."

मोठ्या बाईंनी वही मिटली.

"एवढंच आहे," त्या म्हणाल्या.

काटेवाल्यांना राग यायला हवा होता. आठ वर्षं, चारशेच्या वर रविवार, ही बाई उत्तर घेऊन शेजारच्या खुर्चीत बसली होती आणि दर वेळी तोंड गंभीर करून "चीज देऊन बघा" म्हणत होती. पण राग आला नाही, लाजच वाटली. "तुझ्या त्या आरशामुळे" हे ते म्हणाले तेव्हा तिला सगळं माहीत होतं. जुना खण ठेवला असता तर मागे जाता आलं असतं, म्हणजे अर्धी चूक त्यांची होती, हेही माहीत होतं. तरी ती एवढंच म्हणाली होती, असेल.

"रडा हवं तर," मोठ्या बाई म्हणाल्या. "इथे परकं कोणी नाही."

"नाही," काटेवाले म्हणाले, आणि मग थोडे रडले.

रविवारी दुपारी जेवण आटोपल्यावर त्यांनी नवा पडदा टेबलावर मांडला. जुन्या पडद्यावरच्या चिठ्ठ्या ओल्या फडक्याने भिजवून चिमट्याने एकेक सोडवल्या आणि नव्या चौकटीवर लावल्या. चित्र मध्येच येत असल्यामुळे त्या जरा जवळजवळ बसल्या. "घे"चा कोपरा फाटला. शेजारची खुर्ची, तिची उशी, दोन्ही होती तिथेच होती. वही त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेतली आणि पहिल्यांदाच खेळ पहिल्यापासून सुरू केला.

झोपडी लगेच आली. चूल, म्हातारी, खिळ्यावरचा आरसा. बाण आरशावर नेला आणि त्यांच्या तोंडून सवयीने गेलं, "घेऊ?"

नको म्हणायला कोणी नव्हतं. त्यांनी बराच वेळ वाट पाहिली, मग "घे" दाबलं.

टोपीवाल्याने आरसा काढून झोळीत टाकला. आणि म्हातारी बोलली. डोळे न उघडता, दोनच वाक्यं. ही दोन वाक्यं अकरा वर्षांत त्यांनी कधी वाचली नव्हती. ती फार वेळ राहिली नाहीत, पण एव्हाना काटेवाल्यांना त्या खेळापुरतं इंग्रजी येत होतं. एक शब्द शब्दकोशात बघून त्यांनी वहीत, तिच्या शेवटच्या ओळीखाली, आपल्या वाकड्या अक्षरात मराठी उतरवलं: "ने बाळा. त्यात बघायला आता इथे कोणी राहिलं नाही."

म्हातारी झोपलेली नव्हतीच. हे बायकोला सांगायला हवं होतं. तिला केवढं आवडलं असतं, आणि केवढा वाद घातला असता तिने, की आधी विचारायलाच हवं होतं.

पुढचा रस्ता पाठ होता. लाकूडतोड्या, दोरी, बादली, दरड. साडेतीनला टोपीवाला पुलापाशी पोचला. वारा सुरू झाला. राक्षसाने विचारलं, मी कोण ते सांगा. काटेवाल्यांनी "दे" दाबलं, मग आरसा.

राक्षसाने आरसा मोठ्या पंजात धरला आणि बघत राहिला. मान हलवली नाही, काही बोलला नाही. वारासुद्धा थांबला. मग तो उठला, बाजूच्या दगडावर जाऊन बसला, आणि तिथेही आरशातच बघत राहिला. पूल मोकळा होता.

काटेवाले खुर्चीत तसेच बसून राहिले. म्हणजे सांगायचं काहीच नव्हतं. साखर, चष्मा, बैलगाडी, काहीच जुळवायला नको होतं. विचारणाऱ्याला नुसतं त्याचं तोंड दिसायला हवं होतं. त्या सकाळी वॉर्डच्या दारात फॉर्म खाली करून, चष्मा काढून, दोन क्षण तिच्याकडे बघितलं असतं तरी झालं असतं. तेवढंही त्यांच्याकडून झालं नाही, आणि आता ते कुठल्याही खणात जपलेलं नव्हतं.

पूल ओलांडायला एक टिचकी पुरली असती. त्यांनी ती मारली नाही. दहा खण उघडले. पहिल्यात ५१३ होतं, तिने ठेवलेला शेवटचा रविवार. खालच्या दुसऱ्या, रिकाम्या खणावर त्यांनी बाण नेला आणि एका बोटाने, एकेक आकडा शोधत, ५१४ टाइप केलं. मग पहिला खण उघडला.

तिथे राक्षस पुन्हा वाटेत बसला होता. टोपीवाल्याच्या झोळीत चीज होतं, पीस होतं, दोरी होती, बादली होती, आरसा नव्हता. काटेवाल्यांनी दोरी दिली. राक्षसाने मान हलवली. त्यांनी पीस दिलं, मग चीज दिलं. घड्याळात पाचला दोन मिनिटं होती.

त्यांनी उंदीर खाली ठेवला, चष्मा काढला आणि शेजारच्या खुर्चीकडे वळून बसले.

"पुढच्या वेळी बादली देऊन बघू," ते म्हणाले, आणि मशीन बंद केलं.